यूनुसची चाकांवरची होडी

७८६
दुबई, ता. २८ जानेवारी १९६६

सायराच्या अब्बांना मरियमबीचा सलाम. वि. वि.

मी खुशाल आहे, तुमची खुशाली खुदाकडे मागते. मी सांगतेय आणि सायरा लिहितेय. ईद बरी गेली. शेवया केल्या, पण दूध डब्यातलं. या मुलखात म्हैस औषधालाही नाही.

तुम्ही मला कशाला पाठवलंत ते विसरले नाही. लेक आणि नात घेऊन एप्रिलच्या बोटीने परत यायचं. आपली लेक झावळ्यांच्या घरात राहते हे खरं आहे. प्यायचं पाणी गाढवावरून येतं हेही खरं. (अब्बा, पाणी गोड असतं आणि गाढव स्वभावाने गरीब आहे. मला यायचं नाही. हे अम्मा सांगत नाही, मी लिहितेय. – सायरा)

जावयाने, यूनुसने मात्र मला खूश करायचा चंग बांधलाय. मी एकदा म्हटलं की इथला समुद्र आपला वाटत नाही. झालं! डोंगरापलीकडे फुजैरा म्हणून गाव आहे, तिथला दर्या थेट रत्नागिरीला लागतो, तो अम्मांना दाखवतोच म्हणाला. शारजाच्या कुणा गोऱ्या साहेबाची चाकांवरची खोली त्याने पाहिली होती. मोडक्या ट्रेलरचा सांगाडा आणून त्याने तशीच बांधली. पण गोऱ्याची खोली ती खोली, आणि आपल्या सुताराने बांधली होडी! फळ्यांच्या फटीफटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकलाय. दाराला गुडघाभर उंच उंबरठा. आत शिरताना मी दोनदा पडले. वाळवंटात कुठे बुडणार आहेस रे बाबा, असं विचारलं तर नुसता हसतो. आत जीव गुदमरतो म्हणून मी हट्टाने माझ्या बसायच्या फळीजवळ एक खिडकी पाडून घेतली. ती पाडताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. (अब्बा, नऊ वर्षं झाली, हा माणूस टेबल केलं तरी त्यावर पाणी ओतून बघतो. का ते तुम्हाला ठाऊक आहे. – सायरा)

राजापूरचा जहूर त्याच्या शेठची जीप घेऊन खोली ओढणार आहे. पुढल्या महिन्यात निघू. रुकय्या दिवसभर यल्ला नानी, चल नानी करत माझ्या डोक्यावर बसते.

लोभ असावा, ओरडा नसावा.
मरियमबी

७८६
साखरतर, ता. ९ फेब्रुवारी १९६६

सायराच्या अम्मास अलीमियाँचा सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. सायराला सांग, बापाच्या पत्रात कंस घालायचे नसतात.

त्या सुताराची कारागिरी मला सांगू नकोस. सगळा गाव खाडीवर जमला होता, मी नवा सदरा घालून त्याच्या पहिल्या होडीत बसलो आणि ती माझ्यासकट बुडाली. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला तांडेल मी, माझ्या पोरीच्या नवऱ्याच्या होडीत, गुडघाभर पाण्यात! बायका अजून पदराआड हसतात. ती होडी मी त्याच संध्याकाळी फोडून चुलीत घातली. तो पुढच्या महिन्यात दुबईला पळाला, ते बरंच झालं. ज्याच्या हातची होडी तरंगत नाही त्याच्या हाती माझी मुलगी सुखात राहील हे मला कुणी पटवू नये.

त्या खोलीत बसू नकोस. बसलीसच तर दाराजवळ बस. एप्रिलच्या बोटीने तिघी निघा. घरी डाळ रोज करपते.

बाकी सगळं तुझ्याविना जेवढं ठीक असायचं तेवढं ठीक.
अलीमियाँ

७८६
दुबई, ता. ४ मार्च १९६६

सायराच्या अब्बांना मरियमबीचा सलाम. वि. वि.

आधी सांगते, आम्ही सगळे जिवंत आहोत. आता बसून वाचा.

पहिला दिवस वाळूत गेला. जीप रुतली की आम्ही उतरायचं, चाकाखाली गोणपाट घालायचं, दहा पावलं पुढे जायचं, परत रुतायचं. वाटेत एका बदूने उंटावरून हा तमाशा पाहिला. हबीबी, उंट घ्या, असं म्हणून गेला. मला माणूस शहाणा वाटला.

दुसऱ्या दिवशी डोंगर लागला. तिथे रस्ता म्हणून नाही, सुक्या नदीतूनच गाडी चालवतात. सकाळी एक मोठा धोंडा आडवा आला. जहूरने जीपपासून खोली सोडवली आणि वाट शोधायला जीप घेऊन पुढे गेला. यूनुस बाहेर दगड हलवत होता, आम्ही तिघी आत चहा पीत होतो. आमच्या डोक्यावर पावसाचा टिपूस नव्हता. वर डोंगरात कुठे पडला असेल तो असेल. एकदम गाडीभर दगड ओतल्यासारखा आवाज झाला आणि पाणी आलं. यूनुस ओरडला, दार लावा! सायराने लावलं. मी कलमा म्हणायला लागले, कारण दुसरं काही सुचेना.

आणि सायराच्या अब्बा, खोली उचलली गेली. खरंच तरंगली! चहाची किटली जागची हलली नाही. यूनुस छातीभर पाण्यात पुढचा दांडा धरून होता. मी आतून ओरडत होते की सोड, तू तरी वाच. त्याने सोडलं नाही. शंभर पावलं वाहत गेलो आणि काठच्या बाभळींत अडकून थांबलो.

आत पाणी आलं ते एकाच जागेने. मी पाडून घेतलेल्या खिडकीतून. तिथे मी पाठ लावून बसले ती पूर ओसरेपर्यंत हलले नाही. माझ्या देहाला तुम्ही जन्मभर नावं ठेवलीत, शेवटी तोच कामी आला. बाकी त्याच्या एका फटीतून थेंब आला नाही.

बाहेर आले तर यूनुसच्या दोन्ही हातांची सालं निघालेली. मला म्हणतो, अम्मा, खिडकीला झडप लावायला हवी होती, चुकलो. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. लाज वाटली नाही. (मीही रडले. रुकय्या म्हणत होती, परत एकदा. – सायरा)

दोन दिवसांनी फुजैरा पाहिलं. दर्या आपलाच आहे. मासळीचा वाससुद्धा आपलाच.

आता माझं ऐका. सायरा येणार नाही. आणि तुम्ही यूनुसला स्वतःच्या हाताने चार ओळी लिहीपर्यंत मीही बोटीत पाय ठेवणार नाही. नऊ वर्षांत त्याचं नाव तुमच्या पत्रात आलेलं नाही. डाळ करपू दे.

माया आहेच, ती या अटीवर.
मरियमबी

७८६
साखरतर, ता. १७ मार्च १९६६

चि. यूनुस यास अलीमियाँचा सलाम दुवा. वि. वि.

हात बरे झाले का ते कळव. पाणी लागल्यावर खोली कुठल्या बाजूला कलली? कापूस कुठला वापरलास? सायराच्या अम्माच्या वजनाने एक बाजू दबली असणार, तरी उलटली नाही, म्हणजे तळाचा हिशोब बरोबर आहे. चांगलं काम आहे.

आता जे लिहायचं ते लिहितो. तीन कागद फाडले, हा चौथा.

तुझ्या होडीला पाणी काढायला तळाशी भोक होतं. त्याचं लाकडी बूच तू माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, अब्बा, ढकलण्याआधी लावा. लोक मुबारक मुबारक करत होते. मी ते खिशात टाकलं आणि ऐटीत जाऊन बसलो. घरी ओला सदरा काढला तेव्हा ते सापडलं. त्याच संध्याकाळी होडी चुलीत घातली ती रागाने नव्हे. कुणी तळ बघू नये म्हणून.

तू एकदाही म्हणाला नाहीस की बूच अब्बांकडे होतं. बूच मी लावलं नाही हे तुला ठाऊक होतं, का तू स्वतःलाच दोष देत राहिलास, ते मला विचारवत नाही. टेबलावर पाणी ओतणं आता बंद कर. माझी चूक होती, यूनुस.

सायरा तिथेच राहू दे. बूच मी टाकलं नव्हतं, पेटीत होकायंत्राखाली ठेवलं होतं. जहूरचा भाऊ पुढल्या बोटीने निघतोय, त्याच्या हाती पाठवतो.

हे पत्र सायराच्या अम्माला वाचून दाखव. मध्ये सगळा दर्या आहे, तेवढं माझं नशीब.

तुझा सासरा,
अलीमियाँ