निळा कप आणि काळ्याचं पोट

गुरुवार, संध्याकाळ

काळ्याचं पोट पुन्हा बिघडलं. आमच्या चाळीच्या जिन्याखाली राहणारा कुत्रा तो, सगळे नाकं मुरडतात. शेवटी मीच त्याला रिक्षा नाही म्हणून टॅक्सीत घालून परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या कुत्र्यांना बहुतेक दूध पचत नाही, याला तर थेंबभरही नको.

दूध आई घालते. पण दत्ताचं म्हणून, फक्त गुरुवारी. मग रोज कसं बिघडतं? परवा जिन्याखाली घरातला निळा कप दिसला होता, तेव्हा लक्षातच आलं नाही.

घरात शिरताच आवाज चढवला, "आई, काळ्याला दूध बंद! त्याला झेपत नाही."

आई म्हणाली, "दत्ताचं गुरुवारीच असतं रे. बाकीचे दिवस तुझं."

"माझं?"

"माझ्या हाडांसाठी म्हणून रोज दुधाचा निळा कप हातात देतोस ना? माझं पोट फुगतं, किती वेळा सांगितलं. तू मोबाइलमध्ये. दूध ओतून टाकवत नाही, म्हणून त्याला घालते."

कुत्र्याला काय पचतं ते विचारायला परळपर्यंत गेलो.

निळा कप धुऊन पालथा घातलाय. आईला विचारलं, मग काय घेशील? ती बराच वेळ विचार करत बसली.