वृंदावनातलं जांभळ्या देठाचं झाड

आई, आज सोमवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. मी वृंदावनातल्या झाडाच्या मंजिऱ्या खुडत होतो, ते अर्धवट सोडून लिहायला बसलो. काल रविवार म्हणून हात लावला नाही. आत्या सांवेरहून येते आहे, तिला तुझ्या तुळशीची फांदी हवी आहे. तिला काय द्यायचं या काळजीनं रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून आधी तुला खरं सांगतो.

मी दहावी सोडली त्या थंडीत तुझी तुळस करपली होती आणि वृंदावन रिकामं होतं. मी हॉटेलच्या किचनमध्ये लागलो होतो. तिथून थाई बेसिलची, म्हणजे तिथे भाजीत घालतात त्या तुळशीसारख्या झाडाची, फांदी ओल्या कागदात गुंडाळून आणली आणि पेल्यात पाणी घालून ठेवली. आठ दिवसांत मुळं फुटली. मी कुंडी आणायला मल्हारगंजात गेलो आणि परत येतो तर तू ती वृंदावनात लावून, हळदकुंकू वाहून मोकळी झालेली. "कृष्णतुळस आणलीस रे," म्हणालीस. तुझा चेहरा बघून मी हो म्हणालो. पुढे मला भाजीत घालायला एक पान तोडू दिलं नाहीस. तुळशीला भार होतो म्हणून मंजिऱ्या मात्र रोज खुडायचीस, त्यानंच ती इतकी दाट झाली. एकदा पान हुंगून हसलीस, मला भैयाच्या सुरात म्हणालीस, "ही तर बडीशेप खाऊन आलीये, भिया."

मग ती दुपार. तुझा श्वास अडकत होता. आत्या आतून म्हणाली, "तुळशीचं पान ला, जल्दी." खरी तुळस दोन घरं सोडून होती. मी फाटकापर्यंत गेलो आणि भिऊन परत फिरलो, तेवढ्यात तू गेलीस तर? याच झाडाचं पान धुतलं आणि गंगाजळाबरोबर तुझ्या जिभेवर ठेवलं. तुझे ओठ हलले. नऊ वर्षं झाली. झाड जुनं झालं की त्याचीच फांदी लावतो, म्हणजे अजून तेच आहे.

आता संध्याकाळ झाली, आत्या येऊन गेली. मी तिला दोन फांद्या दिल्या, एक वृंदावनातली, एक दोन घरं सोडून मागून आणलेली. ही आईच्या हातची, पण तुळस नव्हे. ही खरी तुळस, असं नीट सांगितलं. तिनं दोन्ही हुंगल्या आणि म्हणाली, "मग दिवा कुठलीच्या पुढे लावू?"

मी म्हणालो, मी तर अजून आईच्याच झाडापुढे लावतो.

त्या दुपारच्या पानाचं मात्र तिला सांगितलं नाही.