सुनंदाची रिव्हर्स प्रॅक्टिस

३ फेब्रु., मंगळ
जेवताना सुनंदा म्हणाली, "वडप्याच्या आमच्या गोडाऊनला फोर्कलिफ्ट ऑपरेटर पायजे. आतल्याच लोकांची टेस्ट हाय. मी नाव दिलं."
आमच्या बाईसाहेब एक्केचाळीस वर्षांच्या. आठ वर्षं तिथं खोक्यांना लेबलं चिकटवते. ती माल उचलायची गाडी चालवणारे सगळे गडी. मी हसलो. बावीस वर्षं टेम्पो चालवतो ना, स्टेअरिंगचं सगळं आपल्यालाच कळतं! तिनं आमटी वाढली.

८, रवि
प्रॅक्टिस. सोडायला गेलो आणि बघत थांबलो. पहिल्याच वळणाला फोर्कलिफ्टची मागची बाजू रिकाम्या लाकडी पॅलेटांच्या थप्पीत. माहेरी ट्रॅक्टर चालवलेला, तोच हात. ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो, हे मागच्या. लोडर ओरडले, "भाभी, ये खेत नहीं है!" मला तोंड कुठं लपवू असं झालं. ही उतरली, थप्पी पुन्हा रचली, परत चढली. पुन्हा धडक.
येताना म्हटलं, "सोड ना. कशाला हसं करून घेतेस?"
"हसं तुमचं झालं का?"
मी गिअर बदलला.

१०, मंगळ
"ओ, टेम्पो द्या जरा. नुसता रिव्हर्सला चालवायचाय."
"डोकं फिरलंय?"
"रिव्हर्सला वळणारी चाकं मागं न्हाय का येत? फोर्कलिफ्टसारखीच."
च्यायला! बावीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

१५, रवि
रोज ड्युटीवरून आली की घरामागच्या मोकळ्या शेतात तासभर रिव्हर्स. विटा मांडून गल्ली केलीय. मान मागे, जीभ दातांत. बांधावर निम्मं खारबाव गाव जमतं. आमची काकी म्हणाली, "तुझी बायको उलटी चाललीय रं." म्हटलं, "चालू दे. तुला जमंल का?" बायकोची बाजू घेतली, पहिल्यांदाच. रात्री तिची मान आखडली होती, तेल चोळून दिलं. एवढी जिद्द माझ्यात नाही, खरं सांगतो.

२१, शनि
टेस्ट. तीन गडी आणि ही. वरच्या रॅकवरचं पॅलेट उतरवून प्लास्टिकच्या खुणांमधून न्यायचं. काय वळणं घेतली! लोडर चिडीचूप. शेवटच्या वळणाला एक खूण पडली. ती थांबली, थोडं मागं घेतलं, नीट पुढं नेलं. सुपरवायझर लिहीत राहिला, तोंडावरून काही कळेना. निकाल सोमवारी.

२२, रवि
मलाच चैन नाही. ती निवांत तांदूळ निवडतेय. न राहवून विचारलं, "नाही घेतलं तर?"
"तर पुढच्या टेस्टला परत नाव देईन. मला येतं ते."
निकालाच्या आधीच, सरळ म्हणाली. मला येतं.
मला दोनदा मोठा ट्रेलर चालवायला बोलावलं होतं. दोन्ही वेळा मीच म्हटलं, आपल्याला नाही जमायचं. टेस्टलासुद्धा गेलो नाही.