शेवटचं अक्षर

नजमा, दोहा
६ सप्टेंबर २०२४

ती. बाबांना सुदामचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. खोलीत आम्ही सहा जण, पण एसी चालू आहे, तेव्हा उन्हाची काळजी करू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर तुम्ही नुसता हात हलवत बसता, म्हणून कागदावर लिहून बबीताच्या मोबाइलवर फोटो टाकतोय. चाळीस वर्षं तांबं ठोकून कान घालवलेत, आता डोळ्यांना जरा काम द्या.

गॅरेजात एक जुनी गाडी आलीय. ब्रिस्टल नाव. ती करणारे इंग्रज लोक मूळचे विमानं बनवणारे. लढाई संपली, विमानांचं काम कमी झालं, तेव्हा त्यांनी बड्या लोकांसाठी मोटारी करायला घेतल्या, असं आमचे फोरमन गुरुप्रसाद सांगतात. अंगावरचा पत्रा सगळा अॅल्युमिनियमचा. स्टेपनी डिकीत नाही, पुढच्या मडगार्डच्या पोटात उभी करून ठेवलेली. एवढीशी जागा वाया घालवलेली नाही.

मालकीण तसनीम मॅडम अबू हमूरला राहतात. गाडी त्यांच्या वडिलांची, ते दोन वर्षांपूर्वी गेले. बाई रोज येऊन समोर स्टूल टाकून बसतात. तुम्ही भांड्यावर नाव घालताना शेवटचं अक्षर गिऱ्हाईक समोर बसल्याशिवाय घालत नाही, ते आठवतं.

डावं मडगार्ड नवीन करायचं काम माझ्याकडे आहे. पहिला पत्रा मी घालवला. तांब्यासारखा लाल व्हायची वाट बघत राहिलो, तो लाल झालाच नाही, एकदम वितळून खाली बसला. गुरुप्रसादनी दुसरा पत्रा काढून हातात दिला, त्याचंच जास्त लागलं. आता तुम्हीच सांगा.

अंतराला पापा. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

आपला,
सुदाम

कोल्हापूर
११ सप्टेंबर

चि. सुदामला अनेक आशीर्वाद. वि. वि.

अरे लेका, अॅल्युमिनियम म्हणजे आपलं जर्मनच की. इंग्रजांनी लढाई केली जर्मनांशी आणि मोटारी केल्या जर्मनच्या. हसू आलं मला.

जर्मन लाल होत नाही. तापवायच्या आधी पत्र्यावर कपड्याचा साबण घासायचा. साबण काळा पडला की आच काढून घ्यायची, क्षणभरही थांबायचं नाही. माझ्या वडिलांनी भगुणी करताना शिकवलं होतं, तुला शिकवायचं राहून गेलं. चूक माझी आहे. लाकडी हातोडा वापर आणि कानात कापूस घाल. माझ्यासारखा होऊ नकोस.

आणखी एक. मोटारीच्या पत्र्याला मठार द्यायची नसते. आपल्या हंड्यावर हातोडीच्या खुणा ओळीनं उमटल्या की शोभा येते, तिथं ते चालणार नाही. तुझा हात सवयीनं जाईल म्हणून सांगितलं.

अक्षर वाकडं आलंय कारण पेन भिकार आहे. मी ठणठणीत आहे. एक कळशी करायला घेतलीय, बसल्या बसल्या वेळ जातो. दिवाळीला ये, पण काम पुरं करून ये.

बाकी सर्व ठीक. लोभ आहेच, तो काय मागायचा.

केरबा

कोल्हापूर
२७ सप्टेंबर

अंतराच्या पप्पांना बबीताचा सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते. फोनवर सांगितलं नाही, कारण ते समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतात आणि सगळं ओळखतात.

पेन चांगलं आहे. हात थरथरतो. फुप्फुसात गाठ आहे, डॉक्टर म्हणतात महिना काढतील की नाही सांगता येत नाही. अंतराची शपथ घालून त्यांनी मला गप्प केलं होतं. आज मी ती मोडली, देव मला काय करायचं ते करो.

रोज दुपारी खोकत खोकत कळशी ठोकतात. हात लावू देत नाहीत. कुणासाठी विचारलं तर म्हणतात, गिऱ्हाईक लांबचं आहे.

दिवाळीची वाट बघू नका. मिळेल त्या विमानानं निघा. रागावू नका माझ्यावर.

तुमची,
बबीता

कोल्हापूर
२८ सप्टेंबर

चि. सुदामला आशीर्वाद.

बबीताचा चेहरा बघितला, तिनं तुला काय लिहिलं ते कळलं. मनावर घेऊ नकोस. माझा एक शब्द पाळ. मडगार्ड अर्धं टाकून आलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. मी आजवर कुणाचं भांडं अर्धं ठेवलेलं नाही. मी थांबतो, तू काम उरकून ये.

केरबा

नजमा, दोहा
२९ सप्टेंबर

प्रिय बबीतास,

तुझ्यावर राग नाही. रात्रभर रडलो. मॅडमना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, जा, तिकीट मी काढते. पण बाबांचं पत्र खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. आठ दिवसांत मडगार्ड होतंय. साबणाची युक्ती लागू पडली, पत्रा कसा कणकेसारखा वळतो. आठ तारखेचं तिकीट काढलंय. बाबा थांबतो म्हणालेत, म्हणजे थांबतील. त्यांनी कुणाला दिलेला वायदा चुकवलेला मला आठवत नाही.

त्यांना सांभाळ. अंतराला जवळ घे.

तुझा,
सुदाम

कोल्हापूर
२० नोव्हेंबर

अंतराच्या पप्पांना बबीताचा सा. न. वि. वि.

तुम्ही पोचलात हे महिन्यापूर्वीच कळलं, पत्र लिहायला आज बसले. यंदा दिवाळी केलीच नाही, आकाशकंदीलसुद्धा लावला नाही. बाबा गेल्यापासून घर फार शांत आहे. त्या ठोकण्याला मी बारा वर्षं वैतागले आणि आता दुपारी झोप लागत नाही.

काल भट्टीजवळची पोती उचलली तर खाली कळशी सापडली. मठार अशी सुरेख दिलीय की थरथरत्या हाताची आहे हे खरं वाटत नाही. गळ्याखाली टिंबाटिंबांनी नाव घातलंय. ‘सुदा’. पुढे जागा मोकळी आहे.

मी वेडी, रोज विचारत होते कुणासाठी म्हणून. तुमच्या तिकिटाच्या दोन दिवस आधी, ते गेले त्या सहा तारखेलाही, सकाळी नाव घालायचा टोच्या उशाशी मागून घेतला होता. मला वाटलं भ्रम झालाय.

गल्लीतले राजाभाऊ तांबट म्हणतात, उरलेलं अक्षर मी घालून देतो. देऊ का? कळवा.

तुमची,
बबीता

नजमा, दोहा
२२ नोव्हेंबर

प्रिय बबीतास,

तुझं पत्र वाचून कामावर गेलो नाही. तुला एक सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगतो.

सहा तारखेला तुझा फोन आला तेव्हा मडगार्ड तयार झालं होतं, फक्त घासायचं बाकी होतं. फोन ठेवला आणि हातोडी उचलली, एवढंच मला आठवतं. गुरुप्रसादनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा सगळ्या पत्र्यावर मठार दिलेली होती. ओळीनं, वरपासून खालपर्यंत, हंड्यावर देतात तशी. बाबांनी बजावून नको म्हटलेलं, तेच मी केलं. सव्वा महिन्याचं काम. गुरुप्रसादनी हातातली हातोडी काढून घेतली. मग त्यांनीच मला विमानतळावर नेऊन सोडलं.

परत आलो तर ते मडगार्ड चादरीखाली झाकून ठेवलेलं. तसनीम मॅडमनी त्याच्यावर हात फिरवला आणि हिंदीत म्हणाल्या, राहू दे असंच, माझेही अब्बा गेलेत. मी नको म्हणालो. गाडी त्यांच्या अब्बांची आहे, तिच्यावर माझ्या बाबांचा हात कशाला? पुन्हा साबण लावला, पुन्हा तापवलं आणि एकेक खूण स्वतः मिटवली. कानात कापूस घातला होता. नऊ दिवस लागले. आता हिरवा रंग चढलाय, कुणाला काही कळणार नाही.

त्या नऊ दिवसांत सारखं एकच मनात येत होतं. हे काम मी मोडून पुन्हा करू शकलो. एक ऑक्टोबरला अर्धं टाकून आलो असतो, तरी ते इथं माझी वाट बघत पडून राहिलं असतं. पत्रा थांबतो. बाबांचा शब्द मी पाळला आणि बाबांना गमावून बसलो. ते बोलले नसते तर नसते बोलले, मी त्यांच्यासमोर बसलो तरी असतो.

राजाभाऊंना नमस्कार सांग, पण कळशीला हात लावू देऊ नकोस. ती पाणी भरून देवाजवळ ठेव. शेवटचं अक्षर गिऱ्हाइकासमोर घालायचं असतं. बाबा टोच्या घेऊन बसले होते गं, गिऱ्हाईकच आलं नाही.

अंतराला पापा. माझ्यावरची माया कमी करू नकोस, आता तेवढीच उरलीय.

तुझा,
सुदाम