दमतुटी

मंगळवार, संध्याकाळ

डोकं उठलंय. कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाला चढाई शिकवायला शहनाजला घ्यायचं का, यावरून आम्हा जुन्या खेळाडूंचा ग्रुप दुपारपासून पेटलाय. प्राचार्य उद्या आमचं मत विचारणार आहेत.

"दमतुटी काय शिकवणार? हरायला?" विजयाने लिहिलं. लता म्हणते, "फायनल घालवली की तिनं!" शहनाज ग्रुपवरच आहे, सगळं वाचतेय. कुणाला लाज?

फायनलच्या शेवटच्या चढाईत तिचा दम तुटला. पंचांच्या लक्षातही आलं नव्हतं. तीच परत येऊन म्हणाली, "सर, दम तुटला माझा." एका गुणाने हरलो. सोलापूर येईपर्यंत गाडीत तिच्याशी कुणी बोललं नाही. खिडकीशी बसलेली, गुडघ्याला मैदानाची लाल माती तशीच.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर खरं बोलायला शिकवायच्या. मी शिकले कुठे?

दमतुटी. हे नाव गाडीत मी ठेवलं होतं. मी, कॅप्टनने, सगळ्यांना हसवायला. ती माती अजून दिसते.

आत्ता ग्रुपवर तेच लिहून टाकलं. वर लिहिलं, शहनाजलाच घ्या.

"तू पण फिरलीस व्हय!" लता लगेच.

शहनाजचं मग आलं, "लई वर्षं लावलीस की, कॅप्टन."