फ्रेंच सिनेमातले तीर्थस्नान

भेस्तान, सुरत
५ फेब्रुवारी

चि. निंबा यास अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा आता वाकतो, हे वाचून समाधान वाटले. माझी प्रकृती उत्तम आहे. ती तशीच राहावी, म्हणून हे पत्र.

प्रथम तुझ्या मजकुराची दुरुस्ती. ‘दाजी फ्रेंच सिनेमा बघून चक्कर येऊन पडले आणि तेव्हापासून भाडेकरूवर डूख धरून आहेत’ असे तू मोबाइलवर लिहितोस. (विरामचिन्ह एकही नाही, तरी अर्थ लागतो, हे मराठीचे मोठेपण.) मी पडलो नाही. नायिका स्नानगृहात शिरली तेव्हा माझा चष्मा पडला. तो उचलण्यासाठी मी वाकलो आणि ती बाहेर येईपर्यंत वाकलेलाच राहिलो.

तुझी कन्या शीतल आमच्या टीव्हीवर तो सिनेमा लावून देऊन मांजा आणायला निघून गेली. खाली इंग्रजी अक्षरे. ती तुझ्या बहिणीला येत नाहीत. तेव्हा जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या नवऱ्याने भाषांतर करावे, ही तिची अपेक्षा रास्तच होती. कथा अशी : एक गरीब तरुण श्रीमंत वृद्धाच्या हवेलीत माळी म्हणून लागतो आणि मालकाची तरुण पत्नी, चांदीचे चमचे व आरामखुर्ची यांवर एकाच वेळी लुब्ध होतो. (फ्रेंच लोक हे काम अत्यंत सावकाश करतात.) हे सारे देवघरासमोर बसून शब्दशः कसे सांगावे? मी भाषांतरावर संस्कार केले. तो दाराच्या फटीतून तिला न्याहाळू लागला. मी म्हणालो, ‘मावशी जेवली का, ते बघतोय.’ त्याने तिचा रुमाल हुंगला. ‘धुतला आहे ना, याची खात्री करतोय.’ मिठी मारली. ‘भाचा गावाला निघाला.’ (भाचा चार वेळा गावाला निघाला.) शेवटी त्याने मालकाला तळ्यात ढकलले आणि त्याचाच कोट घालून त्याच्या खुर्चीत बसला. घाईत मला सुचले ते असे : ‘मालक तीर्थस्नानाला गेले, जाताना कोट भाच्याला देऊन गेले.’

तुझ्या बहिणीने डोळ्यांना पदर लावला. ‘कितला गुनी पोऱ्या शे! आपलेबी आसा पाहिजे व्हता.’

आठवडाभरात मिळाला. मागची खोली तिने शुभम नावाच्या मुलाला दिली. कापड बाजारात साड्यांच्या घड्या घालतो. अतिशय नम्र आहे. माझे दुःख तेच. माझी आरामखुर्ची ‘आबांच्या पाठीला वाईट’ ठरवून त्याने स्वतःच्या पाठीखाली घेतली. मग मफलर गेला. मग पोंकाची (इथल्या ज्वारीच्या हुरड्याची) पहिली वाटी गेली, जी या घरात आजवर माझी होती. मी तोंड उघडले की म्हणतो, ‘आबा, तुम्ही आराम करा ने, हुं छुं ने!’ (तो आहे, हीच तर तक्रार आहे.) मुलगा जरा सलगी करतो, असे मी सुचवताच तुझी बहीण कडाडली, ‘त्या सिनेमामजारला पोऱ्यानी मालकना कोट घाला, तव्हय कितलं कवतिक करं तुम्हीन! आते मफलरसाठे रडतस?’

बाकी सर्व क्षेम.

तुझे दाजी,
धुडकू शामराव सोनवणे

ता. क. : महाशिवरात्रीला शुभम मला कामरेजच्या बाजूला तापीवर स्नानाला नेणार आहे. एकट्याला, स्कूटरवरून. कल्पना तुझ्या बहिणीची. मला पोहता येत नाही, हे तिने त्याला कौतुकाने सांगून ठेवले आहे.

आणखी एक : सिनेमाचा खरा शेवट शीतलने तुला सांगितलाच असेल. तो फोन करून बहिणीला सांग. मात्र माझे भाषांतर चुकले, असे म्हणू नकोस. सुरतेत दाखवतात तो सिनेमा वेगळा कापलेला असतो, असे म्हण. भाषांतर चुकल्याचे कबूल करण्यापेक्षा मी बुडालेला बरा. पण आधी दुसरा मार्ग पाहू.

तुझ्या मजकुरातील तारखांची दुरुस्ती :
सिनेमा पाहिला : दिवाळीत नव्हे; संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारीस.
शुभम आला : ‘केव्हाचाच’ नव्हे, २० जानेवारीस.
खुर्ची गेली : तुझ्याकडे नोंदच नाही, २३ जानेवारीस.
माझे तापीस्नान : तुझी बहीण म्हणते, १५ फेब्रुवारीस. ही तारीख चुकीची ठरवण्याचे काम तुझ्याकडे.