यादीतलं बारावं नाव

प्रिय अण्णा,

सरळ मुद्द्यावर येते, पाल्हाळ लावलं की तुम्ही घड्याळाकडे बघायचात. आज संध्याकाळी तुमच्या नातीने मला गप्प केलं. मला! हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. हे जहाजावर, आणि आईला फोन करावा तर ती आधी रडेल. पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध आहे ना. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

ओवी बारा वर्षांची झाली. वर्षभर घरीच शिकतेय. इथल्या सरकारी शाळेत आमच्यासारख्या कामाच्या पासवर राहणाऱ्या परदेशी लोकांच्या मुलांना परीक्षा घेऊन, जागा असली तरच घेतात. तोवर सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये गणित मी शिकवते आणि रुसवेही मीच काढते. पण खाली कोर्टवर नेटबॉल सुरू झाला की पोरगी काय पळते! आमच्या ब्लॉकमधल्या मुली जवळच्या शाळेच्या टीममध्ये आहेत. त्यांच्याबरोबर खेळून खेळून ती त्यांच्याहून सरस झालीय.

मग काय, गेले त्या शाळेच्या कोचकडे. तरुण पोरगी, इथल्या सगळ्यांसारखी वाक्यामागे 'लाह' लावणारी. म्हणाली, "कॅनॉट लाह, आंटी. शी इज नॉट अवर स्टुडंट."

तळपायाची आग मस्तकात गेली, अण्णा! हेच वाक्य मी चौदा वर्षांची असताना ऐकलं होतं. तुमच्या तोंडून.

आठवतंय ना? तुम्ही नगरपालिकेच्या शाळेत खेळाचे मास्तर, आणि मला घातलंत खाजगी इंग्लिश मीडियममध्ये, जिथे मैदान म्हणजे गाड्या लावायची जागा. पहाटे तुमच्या खो-खोच्या मुलींबरोबर मला समुद्राच्या पुळणीवर पळवायचात. सगळ्यांत पुढे मीच. आणि जिल्ह्याच्या सामन्यांची यादी लागली तेव्हा बारावं, शेवटचं नाव सुमनचं! मासेवाल्या काशीबाईची सुमन, माझ्या मागे दहा पावलं असायची ती.

"रंजू, तुझं नाव आमच्या हजेरीपटावर नाही, बाय." एवढंच म्हणालात. मी दोन दिवस जेवले नाही. निदान सरावाच्या सामन्यात तरी उतरवा, म्हणून आईने किती विनवण्या केल्या! तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, ते मी दाराआडून ऐकलं. "तिला एकदा सामन्यात बघितलं ना, की मलाच लोभ सुटेल गं."

ढोंगी वाटलात मला तेव्हा. राग सगळा काढला तो मात्र सुमनवर. तिच्याशी बोलणंच टाकलं.

ती जिल्ह्यात खेळली, मग राज्यात खेळली, त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागली. गेल्या वर्षी तुम्हाला शेवटचं बघायला ड्युटीवरून वर्दीतच आली. अंगणात तुमच्या पायाशी उभी राहून तिने कडक सॅल्यूट ठोकला आणि मग हमसून हमसून रडली. आणि मी? मी तोंड फिरवून आत गेले. साधं पाणी विचारलं नाही हो तिला.

आता आजचं ऐका. कोचने मार्ग काढला होता. खऱ्या सामन्यात नाही, पण आजच्या मैत्रीच्या सामन्यात ओवी चालेल. मैदानावर तिने ओवीच्या हातात एक बिब ठेवलं. टीशर्टवर घालायचं बिनबाह्यांचं असतं ते, कोणी कुठे खेळायचं त्याची अक्षरं असतात वर. सात जणी, सात बिबं.

"हे कुणाचं?" ओवीने विचारलं.

कोचने बाकाकडे बोट केलं, तिथे नूर बसली होती. दोन वर्षं न चुकता सरावाला येणारी मुलगी, आणि आज तिला पहिल्यांदा उतरवायचं ठरलं होतं. तिची आजी डबा घेऊन पुढेच बसली होती.

ओवीने बिब नूरच्या मांडीवर ठेवलं. मी धावतच गेले. "अगं वेडे, वर्षभर तू याचीच वाट बघत होतीस ना?"

"हो आई. बट शी दोन वर्षं बघतेय. नॉट फेअर, लाह."

आणि गेली पाण्याच्या बाटल्या भरायला!

सुमनची गोष्ट मी ओवीला कधीच सांगितलेली नाही, अण्णा. लाज वाटायची. मग हे तिच्यात आलं कुठून?

नूर काही फार बरी खेळली नाही. दोनदा बॉल सोडला. ओवी मात्र घसा बसेपर्यंत तिच्या नावाने ओरडत होती. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा नूर धापा टाकत बाहेर आली, ते घामट बिब काढलं आणि स्वतःच्या हाताने ओवीच्या डोक्यातून घातलं. "नाऊ यू."

काय खेळली हो! कोच बघतच राहिली. नूरची आजी उभी राहून टाळ्या पिटत होती. मी तेवढी मख्खासारखी बसून.

यादीत सुमनचं नाव लिहिलंत ते बरोबरच होतं. आज पटलं. पण अशी पाच मिनिटं मला द्यायची होतीत, अण्णा! साधा सरावाचा सामना, एवढे करारी तुम्ही, आवरला असतात की लोभ! की खरंच मी इतकी चांगली होते, की तुमची स्वतःवरच खात्री नव्हती? हे आज पहिल्यांदा मनात आलं आणि चारचौघांत रडू फुटलं मला.

शाळेबाहेरच्या पोरांनाही खेळू द्या, म्हणून मी त्या कोचशी भांडत राहणारच. तुमचीच मुलगी आहे. पण जागा वाढवा म्हणेन. नूरची काढून नको.

आणि एक शब्द देते. वर्षश्राद्धाला येईन तेव्हा आधी सुमनच्या घरी जाईन. पाणी मागेन तिच्याकडे. मग पहाटे तिला पुळणीवर घेऊन जाईन. आता पळेल ती माझ्यापुढे दहा पावलं, पोलीसच ती! पळू दे. मी मागून येईन.

तुमची,
हजेरीपटावर नसलेली,
रंजू